मोडशी, भिरंड आणि पणजीची बाग

चैत्र-वैशाखात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भिरंडांचा आंबटगोड वास दरवळत असतो. पेडणे, बार्देश, डिचोलीच्या गावांतून आलेल्या बायका पाटीत लालभडक भिरंडे मांडून बसतात. पावसाळा तोंडावर आला की त्याच पाट्यांत वाळवलेली काळपट सोले दिसू लागतात आणि घराघरांत वर्षाची बेगमी सुरू होते. दरासाठी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण ‘भिरंड’ हा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वीच छापखान्यात जाऊन आला आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात तो ‘ब्रिंदांव’ होऊन उतरला. तिथून तो युरोपात गेला आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाला काही काळ ‘ब्रिंडोनिया’ असे नावही दिले. (आजचे ‘गार्सिनिया’ हे नाव मात्र लोरां गार्सां या वेगळ्याच निसर्गशास्त्रज्ञावरून पडले आहे. त्या पुस्तकाच्या लेखकाच्या नावाशी असलेल्या सारखेपणामुळे अनेकांची इथे गल्लत होते.)

ते पुस्तक लिहिणाऱ्या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता. म्हापशाहून तेरा किलोमीटरवर, पणजीच्या चर्चच्या नागमोडी पायऱ्यांखाली जी जुनी बाग आहे, ती त्याच्या नावाने ओळखली जाते. बोलताना लोक तिला ‘म्युनिसिपल गार्डन’ म्हणतात. दुपारी कचेऱ्यांतली माणसे झाडाखाली डबा उघडतात, संध्याकाळी म्हातारी मंडळी बाकांवर येऊन बसतात. मधोमध एक उंच खांब उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर सारनाथचे सिंह आहेत. बागेत येणाऱ्याची नजर आधी त्या खांबाकडेच जाते. ओर्ता कोण, असे विचारणारा क्वचित भेटतो.

विचारायला हवे. ज्या राजवटीच्या काळात ही बाग आखली गेली, त्याच राजवटीने ओर्ता मेल्यावर बारा वर्षांनी त्याची हाडे उकरून जाळली होती.

धर्म लपवून जगणारे घर

१४९२ साली स्पेनच्या राजाराणीने आपल्या राज्यातल्या ज्यूंना हाकलून दिले. हजारो कुटुंबे सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आली. त्यांत ओर्ताचे आईवडीलही होते. पण पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालचा राजा मानुएल याने आपल्या राज्यातल्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. रातोरात ख्रिस्ती झालेल्या या लोकांना ‘नवख्रिस्ती’ हे नाव पडले. नाव बदलले तरी संशय गेला नाही. शनिवारी यांच्या घरात चूल पेटते की नाही, हे डुकराचे मांस खातात की टाळतात, यावर शेजाऱ्यांचा डोळा असे.

अशा घरात, सीमेवरच्या कास्तेलो द व्हीद या गावी, १५०१ च्या सुमारास गार्सियाचा जन्म झाला. त्याने सालामांका आणि आल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले, काही वर्षे गावात वैद्यकी केली, मग लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापनही केले. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आणण्याच्या हालचाली तेव्हा सुरू झाल्या होत्या. १५३६ मध्ये ते स्थापन झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १५३४ च्या मार्चमध्ये, ओर्ता मार्तिम आफोंसो द सोझा या सरदाराचा वैद्य म्हणून गोव्याला निघालेल्या ताफ्यात चढला. सप्टेंबरमध्ये जहाज मांडवीत आले. त्यानंतर मरेपर्यंत चौतीस वर्षे तो याच किनाऱ्यावर राहिला. मायदेशी परत गेला नाही.

अहमदनगरचा दरबार, मुंबईची जमीन

तेव्हाचे गोवा म्हणजे आजचे जुने गोवे. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने ते आदिलशहाकडून घेतले होते आणि ते पूर्वेकडच्या पोर्तुगीज सत्तेची राजधानी झाले होते. बंदरात मलाक्का, होर्मुझ, चौल, काळिकतची जहाजे लागत. लवंग, जायफळ, अफू, कापूर, दालचिनी, चंदन यांचे ढीग पडत. युरोपातल्या वैद्याला ज्यांची फक्त वाळलेली, भेसळलेली, चार हातांतून आलेली ओळख होती, त्या सगळ्या वस्तू इथे ताज्या, कच्च्या, झाडावर लागलेल्या पाहायला मिळत होत्या. ओर्ताने घरच्या बागेत औषधी झाडे लावली. व्यापारी, खलाशी, हकीम, वैद्य, ज्याला जे माहीत असेल ते त्याला तो विचारत राहिला.

सोझाबरोबर तो गुजरातेत आणि दीवला गेला. पुढे त्याची वैद्यकी सह्याद्री ओलांडून अहमदनगरला पोहोचली. पहिला बुऱ्हाण निजामशहा त्याचा रुग्ण झाला आणि मित्रही. मराठी मुलखाच्या इतिहासात अहमदनगरची निजामशाही आपल्याला लढाया आणि तहांमुळे आठवते. ओर्ताच्या पुस्तकात तिचे दुसरे रूप दिसते. त्या दरबारात अरब आणि इराणी हकीम होते, ग्रीक वैद्यकाची अरबीतली परंपरा होती आणि स्वतः सुलतानाला औषधांत रस होता. लॅटिन ग्रंथ वाचून आलेला हा वैद्य आणि अरबी परंपरेत वाढलेला तो सुलतान, दोघांत रोगांच्या आणि औषधांच्या नावांची देवाणघेवाण होई. ओर्ताच्या ज्या प्रकरणात बोरे आणि भिरंडे आहेत, त्याच प्रकरणात दख्खनच्या राजांच्या पदव्या आणि बहमनी राज्य फुटल्याची हकीकतही येते. फळांच्या गप्पांत राजकारण घुसते, हे तेव्हाही आजच्यासारखेच होते.

१५५० नंतरच्या वर्षांत पोर्तुगीज सरकारने मुंबई बेट ओर्ताला खंडाने दिले. तिथे त्याचा वाडा होता. आजच्या फोर्ट भागात, आयएनएस आंग्रे या नौदल तळाच्या आवारात, त्या वाड्याची जागा दाखवली जाते. मुंबईतल्या आपल्या आंब्याच्या झाडांचे कौतुक त्याने पुस्तकात केले आहे. घारापुरीच्या लेण्यांचे वर्णनही त्याने लिहून ठेवले. युरोपीय माणसाने केलेल्या त्यांच्या सुरुवातीच्या वर्णनांत त्याची गणना होते.

गोव्यात छापलेले पुस्तक

१५५६ मध्ये जेझुइटांचा छापखाना गोव्याला आला. तो खरा अबिसीनियाला, म्हणजे इथिओपियाला, जायचा होता. तो इथेच राहिला आणि भारतातल्या छपाईची सुरुवात गोव्यात झाली. १५६३ च्या एप्रिलमध्ये जुआंव द एंदें या मुद्रकाने ओर्ताचे पुस्तक छापून काढले. भारतातल्या औषधी आणि वनस्पतींविषयीचे संवाद, असा त्याच्या लांबलचक नावाचा मथितार्थ आहे. चुका इतक्या राहिल्या की शेवटी वीसेक पानांचे शुद्धिपत्र जोडावे लागले. याच पुस्तकात लुईश द कामोंइश या कवीची एक कविता छापली गेली. पुढे तो पोर्तुगालचा राष्ट्रकवी ठरला, तेव्हा मात्र तो गोव्यात हलाखीत दिवस काढत होता.

पुस्तकाची रचना गमतीची आहे. रुआनो नावाचा एक डॉक्टर स्पेनहून नुकताच आला आहे. तो पोथीनिष्ठ आहे. डिओस्कोरिडीस, गेलन, अविसेना यांच्या वचनांवाचून त्याचे पान हलत नाही. ओर्ता त्याला एकेका वस्तूची ओळख करून देतो. पन्नासहून अधिक संवादांत कोरफड, वेलदोडा, हिंग, भांग, धोतरा, आले, हळद, सुपारी, फणस, हस्तिदंत, हिरे असे सगळे येऊन जाते. रुआनो काल्पनिक आहे. खरे पाहता तो तरुणपणीचा ओर्ताच आहे आणि दोघांचा वाद म्हणजे ओर्ताचा स्वतःशीच चाललेला वाद आहे. जुने आचार्य चुकले असतील तर तो बिनदिक्कत तसे म्हणतो. त्याचा दाखला एकच, आपण ते डोळ्यांनी पाहिले आहे.

भांगेच्या प्रकरणात गुजरातचा सुलतान बहादूरशहा येतो. रात्री तुर्कस्तान, अरबस्तान, इराण, पोर्तुगाल किंवा ब्राझीलची सफर करायची लहर आली की आपण थोडी भांग घेतो, असे त्याने सोझाला सांगितले होते. ओर्ता हे हसत नोंदवतो आणि लगेच रुआनोला गुणदोष समजावू लागतो.

पटकीचे प्रकरण मात्र हसण्यासारखे नाही. खोल गेलेले डोळे, क्षीण नाडी, थंड पडलेली कातडी, पोटऱ्यांत गोळे आणि काही तासांत येणारा मृत्यू. आशियातल्या पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले हे पहिले तपशीलवार वर्णन मानले जाते. या रोगाला इथले लोक काय म्हणतात तेही ओर्ताने लिहिले आहे. त्याने शब्द दिला ‘मोर्शी’. तो म्हणजे आपली ‘मोडशी’. मोडणे या धातूपासून आलेला हा शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी ‘मोर्देशी’ झाला. पुढे फ्रेंचांनी तो ऐकला आणि आपल्या भाषेत बसवला, ‘मोर द शियां’, म्हणजे कुत्र्याचे मरण. आजी ज्याला मोडशी म्हणत सुंठ उगाळायची, तो शब्द असा निम्मे जग फिरून आला.

हे शब्द त्याला दिले कोणी? पोर्तुगीज लोक इथल्या वैद्यांना ‘पंडित’ म्हणत. त्यांतला मालुपा नावाचा एक वैद्य पुस्तकात प्रत्यक्ष बोलताना दिसतो. ओर्ता त्याला आपल्या बरोबरीचा वैद्य म्हणून प्रश्न विचारतो. आधी आपल्या पद्धतीने उपचार करायचे आणि गुण आला नाही तर इथल्या वैद्यांची रीत धरायची, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले आहे. अर्थात त्याच्या घरात सगळे समान नव्हते. बागेतून पाला, बाजारातून फळे आणणारी अंतोनिया ही त्याची दासी होती. ती पुस्तकभर हाकेला ओ देत राहते, पण तिला काय माहीत होते हे विचारायचे ओर्ताला सुचले नाही. ओर्ता साम्राज्याच्या तलवारीमागून आलेला, साम्राज्याकडून बेट खंडाने घेतलेला माणूस होता. पण विचारायचे कसे आणि ऐकायचे कसे, हे त्याला कळत होते, आणि त्या शतकात तेही थोडे नव्हते.

देव नदीपार जातात

पुस्तक लिहिले जात होते त्याच वर्षांत गोव्यावर दुसरे सावट पडत होते.

१५४० पासून तिसवाडीतली देवळे पाडली जाऊ लागली. १५४३ मध्ये बार्देश आणि साष्टी पोर्तुगिजांच्या ताब्यात कायमच्या आल्या. त्याच वर्षी जेरोनिमो दियाश नावाच्या एका नवख्रिस्ती वैद्याला, लपून ज्यू धर्म पाळत असल्याच्या आरोपावरून, गोव्यात देहदंड देऊन जाळण्यात आले. ओर्ताही त्याच शहरात राहणारा, तशाच घराण्यातला आणि त्याच धंद्यातला. १५४६ मध्ये फ्रान्सिस झेवियरने राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय आणण्याची मागणी केली. लिस्बनमध्ये ओर्ताच्या बहिणींना अटक झाली होती. त्या सुटल्या आणि १५४९ मध्ये आईसह गोव्याला भावाच्या आश्रयाला आल्या. १५६० मध्ये धर्मन्यायालयही त्यांच्या मागोमाग गोव्यात आले. आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात त्याचे ठाणे बसले.

पेडणे-डिचोलीच्या माणसाला या वर्षांची वेगळी आठवण आहे. ती ग्रंथांतून नाही, देवळांतून आली आहे. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला गेला. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. चोडणची देवकी-कृष्ण आधी डिचोलीतल्या मये गावी गेली आणि मग माशेलला. डिचोली आणि पेडणे तेव्हा आदिलशाहीत होते, नंतर सावंतवाडीकर भोसल्यांकडे गेले. पोर्तुगिजांच्या हाती ते १७८० च्या दशकात ‘नव्या काबिजादी’ म्हणून आले, तेव्हा धर्मन्यायालयाचा जोर ओसरला होता. म्हणून नदीच्या अलीकडे शरण आलेले देव अजून त्याच जागी नांदत आहेत. इथल्या कितीतरी घराण्यांच्या कुळकथेत रात्रीच्या होडीत मूर्ती घेऊन निघालेला पूर्वज असतो.

ओर्ताला मात्र कोणती नदी ओलांडायची सोय नव्हती. त्याचा देव मनात होता आणि मनाला पैलतीर नसतो. त्याच्यापाशी होत्या त्या ओळखी. सोझा १५४२ ते १५४५ या काळात गोव्याचा गव्हर्नर होता. पुस्तकही त्यालाच अर्पण केले आहे. व्हाइसरॉय त्याची औषधे घेत, कामोंइशच्या त्या कवितेनेही व्हाइसरॉयला ओर्ताची शिफारस केली होती. हयातभर त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही.

१५६७ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी अँटवर्पमध्ये कारोलुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ओर्ताच्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि गोव्यातल्या वैद्यांकडून गोळा झालेली माहिती युरोपभर पसरली. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या पहिल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना अन्यधर्मी वैद्यांकडून उपचार घेण्यास मनाई केली. मालुपासारख्यांचे ज्ञान अँटवर्पला चालत होते, पण जुन्या गोव्यातल्या गल्लीत ते निषिद्ध ठरले होते.

हाडांचा खटला

१५६८ मध्ये ओर्ता मरण पावला. घरावरचे छप्पर उडावे तसे झाले. त्याच वर्षी बहीण कातारीना हिला पकडले. चौकशीत तिच्या आणि नातलगांच्या जबान्यांतून घरातले गुपित बाहेर आले. गार्सिया मनाने ज्यूच राहिला होता, मोशेचा धर्मच खरा असे घरात म्हणत होता. १५६९ च्या ऑक्टोबरमध्ये कातारीनाला गोव्यात जाहीरपणे जाळण्यात आले.

मेलेल्या माणसावरही खटला चालवण्याची सोय धर्मन्यायालयाच्या कायद्यात होती. तो गार्सियावर चालला. १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. त्याच सुमारास, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला होता. पुढे मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचणारा हा माणूस आल्यानंतर थोड्याच काळात त्याच नगरात ही घटना घडली. एकाच सत्तेच्या छायेत इथली भाषा कुणी प्रेमाने शिकत होते आणि इथले शब्द छापणाऱ्याची हाडे जाळली जात होती. गोव्याचा इतिहास सरळ रेषेत सांगता येत नाही तो यामुळेच.

खाजणावरचे शहर आणि खांबावरचे पुतळे

जुने गोवे स्वतःच्या वैभवाखाली खचले. साथींनी शहर रिकामे होत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला, आदिलशहाच्या नदीकाठच्या वाड्यात हलवला. पणजी तेव्हा खाजणे, चिखल आणि माडांचे गाव होते. १८२७ ते १८३५ या काळात मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो याच्या कारकिर्दीत दलदल बुजवून रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या. धर्मन्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले होते. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि तिला ‘नोव्हा गोवा’ हे नाव मिळाले.

नव्या राजधानीला युरोपीय धाटणीचा चौक हवा होता. संध्याकाळी फिरायला, बँड ऐकायला, एकमेकांना दिसायला एक जागा हवी होती. १८५५ मध्ये चर्चच्या पायथ्याशी ही बाग आखली गेली. चर्चच्या आज दिसणाऱ्या पायऱ्या तेव्हा नव्हत्या, त्या पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत झाल्या. जुन्या गोव्याच्या पडलेल्या ऑगस्टिनियन मठातली मोठी घंटा १८७१ मध्ये याच चर्चवर चढवली गेली. मेलेल्या शहराचे सामान नव्या शहराने असे उचलून आणले.

१८९८ मध्ये वास्को द गामाच्या आगमनाला चारशे वर्षे झाली. आदल्याच वर्षापर्यंत सत्तरीत दादा राण्यांचे बंड धुमसत होते. साम्राज्याची तिजोरी रिकामी होती, तरी स्मरणोत्सव दणक्यात झाला. बागेच्या मधोमध उंच खांब उभारून माथ्यावर वास्को द गामाचा अर्धपुतळा बसवण्यात आला. खाली बागेत वैद्य, वर खांबावर दर्यावर्दी. भारताचा रस्ता शोधणारा वर आणि भारताला नीट पाहणारा खाली, हा क्रम सत्तेला सोयीचाच होता.

युरोपातल्या विद्वानांना तोवर ओर्ता पुन्हा सापडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काउंट फिकाल्यो याने त्याचे चरित्र लिहिले आणि पुस्तकाची टीपांसह आवृत्ती काढली. १९१३ मध्ये क्लेमंट्स मार्कमचे इंग्रजी भाषांतर आले. या सगळ्यांच्या चित्रातला ओर्ता पोर्तुगीज विज्ञानाचा मानबिंदू होता. धर्मन्यायालयाच्या दप्तरातून त्याच्या घराण्याची खरी कहाणी १९३४ मध्ये ऑगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो याने उजेडात आणली, तेव्हा कुठे हाडे जाळल्याचे जगाला नीट कळले. तोवर पोर्तुगालने त्याला आपला थोर पुरुष करून टाकले होते आणि मग मागे फिरणे शक्य नव्हते. १९७१ मध्ये तर वीस एस्कुदोंच्या नोटेवर त्याचे चित्र छापले गेले.

१९६१ नंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साम्राज्याचे पुतळे उतरू लागले. बागेपासून चार पावलांवरच्या चौकात आल्बुकेर्कचा पुतळा होता. तो जुन्या गोव्याच्या वस्तुसंग्रहालयात गेला आणि तो चौक आझाद मैदान झाला. तिथे आता हुतात्मा स्मारक आहे. बागेतल्या खांबावरून वास्को द गामा उतरला आणि सारनाथचे सिंह बसले. खांब तोच राहिला. म्हापशातल्याही एका पिढीला हा बदल आपला वाटला. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशात एका पोर्तुगीज न्यायाधीशाच्या निरोपाच्या मेजवानीत, गोवा म्हणजे पोर्तुगालच, हे वाक्य ऐकताच डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी भर पंगतीत निषेध नोंदवला होता. त्यांना अटक करून पोर्तुगालला पाठवले गेले. गायतोंडेही डॉक्टरच होते. या भूमीत डॉक्टरांनी सत्तेची झोप उडवण्याची परंपरा अशी जुनी आहे.

पुतळे उतरले, पण ओर्ताचे नाव बागेवरून पुसले गेले नाही. ते राहिले याला योगायोग म्हणता येईल. पोर्तुगीज नाव असले तरी ते जिंकणाऱ्याचे नव्हते, म्हणून कुणाच्या डोळ्यात खुपले नाही, असेही म्हणता येईल. मला वाटते, ते नाव टिकावे याला आणखीही कारण आहे. आल्बुकेर्क आणि वास्को द गामा यांनी इथून काय नेले याचे हिशेब इतिहासात आहेत. ओर्ताने जे नेले त्यात इथल्यांचे शब्द होते आणि ते शब्द त्याने ज्याचे त्याच्या नावाने नेले. मोडशीला त्याने मोडशीच म्हटले, लॅटिन नावाखाली ती पुरली नाही. मालुपाचे ज्ञान त्याने मालुपाच्याच तोंडून वदवले. त्याच्यानंतर इथली वनस्पतिसंपदा अभ्यासणाऱ्या पुष्कळ युरोपीयांनी तेवढेही केले नाही. अंतोनियाच्या बाबतीत तोही कमी पडला, आणि ते त्याच्या खात्यावर राहणारच.

एवढे सगळे मनात घेऊन बागेत बसले की नजर खांबाच्या माथ्यावर टिकत नाही. माथ्यावरची मूर्ती एकदा बदललेली आहे, हे कळून चुकलेले असते. नजर खाली येते आणि झाडांची नावे आठवू पाहते. शेजारच्या बाकावरच्या पर्यटकाने, हा ओर्ता कोण, असे विचारलेच तर सालांची आणि बादशहांची यादी सांगत बसू नये. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्याच्या बाजारात एका आंबट लाल फळाला काय म्हणतात असे विचारणारा आणि मिळालेले उत्तर जसे ऐकू आले तसे लिहून ठेवणारा एक माणूस, एवढे सांगितले तरी पुरे. उत्तर काय मिळाले होते ते ऐकायचे असेल तर त्याला शुक्रवारी म्हापशाला पाठवावे.